डेटा सफिशियन्सी शिकवताना लोकलच्या स्टेशनांचं उदाहरण बंद करा

निळीवही
रेषेवरच्या अंतरांची गणितं आली की दादरच्या आमच्या क्लासमध्ये फळ्यावर दादर, कुर्ला, ठाणे उमटतात. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे.

डेटा सफिशियन्सीत उत्तर काढायचं नसतं, दिलेली विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का एवढंच ठरवायचं असतं. प्रश्न बघा. क, ख, ग एकाच रेषेवर आहेत. क ते ग अंतर किती? विधान 1: कख = 8, खग = 5. विधान 2: कग हे कख पेक्षा मोठं आहे.

पोरं विधान 1 वाचतात आणि 13 म्हणून मोकळी होतात, कारण डोक्यात कुर्ल्यानंतर ठाणेच येतं. पण ग हा ख च्या पुढेच आहे असं सांगितलंय कुणी? तो मागे असेल तर अंतर 3. दोन उत्तरं निघाली, विधान अपुरं. विधान 2 ने 3 बाद होतं, पण एकट्या त्यातून अंतर कळत नाही. म्हणजे दोन्ही मिळून पुरेशी. स्टेशनांचा क्रम पाठ असतो आणि इथे नेमका क्रमच अज्ञात आहे.

डाउनफास्ट
अजिबात पटलं नाही. स्टेशनं वाईट नाहीत, फक्त दुसरं नाव झाका. 'मित्र कुर्ल्याहून 8 किमीवर आहे, कुठे असेल?' मुंबईचं पोरगं लगेच विचारेल, अपला की डाउनला? केवल मूल्याच्या (चिन्ह सोडून नुसतं अंतर) दोन उभ्या रेघा बघून घाबरणाऱ्याला याहून सोपं काय सांगणार?

निळीवही
कुर्ल्यालाच फाटे फुटतात! हार्बरने वडाळ्याकडे जा नाहीतर वाशीकडे. तुमची रेषा एक राहिलीच नाही.

डाउनफास्ट
बरं, घाटकोपर घ्या. मुद्दा तोच राहतो.

शून्यबिंदू
दोघंही चित्रात अडकलात. बिंदूला संख्या द्या. रेल्वे तेच करते, सीएसएमटीपासून किलोमीटर मोजते. 1853 मध्ये पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली तेव्हा ठाणं होतं 34 वर. ख ला 0 धरा: क एकतर 8 किंवा −8, ग एकतर 5 किंवा −5. वजाबाकी करा, 3 आणि 13 दोन्ही समोर येतात, काही सुटत नाही.

डाउनफास्ट
आणि वेळ? जीमॅटमध्ये, म्हणजे एमबीए प्रवेशाच्या परीक्षेत, 2023 च्या अखेरीपासून हे प्रश्न डेटा इनसाइट्स विभागात गेलेत, 45 मिनिटांत 20 प्रश्न. प्रत्येक बिंदूला संख्या देत बसलात तर झालंच. हा घ्या: क, ख, ग, घ याच क्रमाने रेषेवर आहेत. कग = खघ आहे का? विधान 1: कख = गघ. विधान 2: खग = 6. चित्रात मधला खग दोन्हीकडे सामायिक दिसतो, कडेचे तुकडे सारखे, संपलं. विधान 1 एकटं पुरेसं. एकही संख्या लागली नाही.

निळीवही
कारण इथे क्रम दिलेला आहे! आकृती छापलेली असेल तेव्हाही त्यातला क्रम धरता येतो. माझा विरोध न दिलेला क्रम गृहीत धरण्याला आहे.

बाकी याच प्रश्नात विधान 1 ऐवजी 'कख हे गघ पेक्षा 2 ने मोठं' असतं, तर उत्तर ठाम 'नाही' आलं असतं आणि तेही पुरेसंच. 'नाही' आलं की विधान अपुरं ठरवणारी मुलं मला दर बॅचला भेटतात.

शून्यबिंदू
हे शेवटचं शंभर टक्के मान्य. स्टेशनांवर मात्र मी डाउनफास्टच्या बाजूने, फक्त नकाशात किलोमीटर लिहा.