शब्दचर्चा: मासे न धरणाऱ्या ट्रॉलरला काय म्हणावं?

पानउलटी
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात रुतलेय. विषय आहे नवरा-बायकोने दोघांनीच, पगारी खलाशी न घेता, महासागर ओलांडायच्या इंजिनाच्या बोटी. शीड नाही, असलं तर नावापुरतं. इंग्रजीत यांना ‘ट्रॉलर यॉट’ म्हणतात, ‘पॅसेजमेकर’ असंही म्हणतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘मच्छीमार पद्धतीची विहारनौका’ लिहिलं. संपादकांचा शेरा आला: मासे कोण धरतंय? आणि विहाराला कोणी तीन आठवडे भर समुद्रात जातं का?

दोन्ही प्रश्न रास्त. पण ‘यॉट’ तसंच ठेवलं तर वाचकाला अब्जाधीशाची चारमजली पांढरी बोट दिसते. ‘मोटरबोट’ म्हटलं तर लाटांवर उड्या मारत जाणारं होडकं. ‘क्रूझ’ म्हटलं तर दोन-तीन हजार प्रवासी आणि रात्री गाण्याचा कार्यक्रम. मला हवी ती बोट यातली एकही नाही. ती पन्नासेक फुटांची, जाडजूड आणि सायकलच्या वेगाने जाणारी आहे. शब्द सुचवा. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

कोशकीटक
मुळात ‘यॉट’ हा शब्दच या बोटीला शोभत नाही. डच ‘याख्ट’ म्हणजे शिकार. ‘याख्टस्किप’ म्हणजे पाठलाग करणारी चपळ बोट. १६६० मध्ये डचांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला ‘मेरी’ नावाची अशी बोट भेट दिली, त्याला तिची गोडी लागली आणि शिकारी बोट राजाच्या हौसेची झाली. तुमची सायकलच्या वेगाची बोट ना शिकारी ना राजेशाही. तेव्हा मराठीने ही चूक उसनी का घ्यावी? माझा प्रस्ताव: ‘सागरतरणी’. तरणी म्हणजे नौका, संस्कृतात रुळलेला शब्द आहे.

तिखटजाळ
संस्कृतात रुळला असेल, मराठीत ‘तरणी’ म्हटलं की पुढे ‘ताठी’ येतं. या बोटी घेणारी जोडपी बहुधा नोकरीधंद्यातून मोकळी झालेली, पांढऱ्या केसांची. ‘निवृत्तीनंतर त्यांनी एक सागरतरणी ठेवली’ हे वाक्य छापून बघा.

पानउलटी
😂 संपादकांना हार्ट अटॅक येईल.

इंजिनघर
आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

‘ट्रॉलर’ हे नाव अगदीच खोटं नाही. जाळं ओढणाऱ्या बोटीचं बूड खोल आणि गोलसर असतं. ती पाण्यावर चढून घसरत नाही, पाणी बाजूला सारत जाते. या बोटींचं बूड त्याच घराण्यातलं, म्हणून नाव चिकटलं. असल्या बुडाच्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. ३६ फुटांना जेमतेम ८ नॉट, म्हणजे तासाला ८ सागरी मैल, सुमारे १५ किलोमीटर. त्यापुढे कितीही मोठं इंजिन बसवा, बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि डिझेल तेवढं जळतं. उलट वेग नॉटभर कमी केलात की त्याच टाकीत कितीतरी पुढे जाता.

अमेरिकी नौदलातले कॅप्टन रॉबर्ट बीबी यांनी नेमका हाच हिशेब मांडला. १९६३ मध्ये सिंगापूरला त्यांनी पन्नास फुटांची बोट बांधून घेतली आणि थेट भूमध्य समुद्रात नेली. तिचं नाव ‘पॅसेजमेकर’. बोटीचं नाव पुढे अख्ख्या जातीला लागलं.

तेव्हा सोपा शब्द घ्या: ‘लांब पल्ल्याची बोट’. पल्ला हाच या बोटीचा जीव आहे. टाकी, बूड, इंजिन, सगळं पल्ल्यासाठी.

आडवाट
‘लांब पल्ल्याची’ ऐकलं की मला एसटी आठवते. आपल्याकडे ‘तारू’ आहे की! तॄ म्हणजे तरणे, पार करणे. तारू म्हणजे पार नेणारं. ‘पॅसेजमेकर’ याचा इतका चपखल मराठी शब्द शोधून सापडणार नाही. आपण त्याला फक्त ‘तारू भरकटले’ आणि ‘तारू किनाऱ्याला लागले’ एवढ्यापुरतं ठेवलंय, तेही अलंकारिक.

कोशकीटक
तारू म्हणजे शिडाचं. तुम्ही इंजिनाच्या बोटीला तारू म्हणणार? आणि माझी तरणी त्याच धातूतून आली, तेव्हा तिला हसलात. तारू आलं की टाळ्या!

तिखटजाळ
तारू नपुंसकलिंगी आहे ना. टाळ्या सुरक्षित आहेत.

आडवाट
शिडाचं होतं कारण तेव्हा इंजिन नव्हतं. ‘गाडी’ बैलाची होती म्हणून मोटारीला गाडी म्हणायचं थांबलो का?

वाळूतली_रेघ
माझी आजी इंजिनाच्या कुठल्याही बोटीला आगबोट म्हणायची. वाफेची, डिझेलची, पलीकडे सोडणारी फेरी, सगळ्या आगबोटीच. त्या काळच्या लोकांनी कोणतीही समिती न नेमता ‘आग’ आणि ‘बोट’ जोडून शब्द केला आणि शंभर वर्षं वापरला. निम्मा इंग्रजी आहे, कुणाला खुपला नाही. या बोटीला ‘छोटी आगबोट’ का नको?

कोशकीटक
डिझेल इंजिनात आग कुठे दिसते?

इंजिनघर
दिसत नाही, असते. दाबलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. ठिणगीही लागत नाही. त्या अर्थाने डिझेलची बोट वाफेच्या बोटीपेक्षा जास्त आगबोट. वाफेच्या जहाजात आग बॉयलरखाली असते, इथे थेट सिलिंडरात. मात्र ‘सुरक्षित’ असं ज्या बोटीचं वर्णन करायचंय तिच्या नावात आग नको. समुद्रावर आगीइतकं दुसरं कशाला भिऊ नये.

पानउलटी
सुरक्षितवरून आठवलं, माझा दुसरा खड्डा तोच आहे. मूळ लेखात दोन वेगळे शब्द येतात. एकाचा अर्थ, बोट कसल्याही समुद्रात टिकेल. दुसऱ्याचा अर्थ, ती माणसांना कमी छळेल. लेखक म्हणतो पहिलं असून दुसरं नसलं तर जोडपं एका सफरीनंतर बोट विकतं. मी दोन्हीकडे ‘समुद्रास योग्य’ लिहिलंय आणि वाक्याचा पार चुथडा झालाय.

रात्रपाळी
इथे मी बोलू शकते. मित्राच्या असल्याच एका बोटीवर आम्ही दोघं आणि ती दोघं, कॅनरी बेटांहून कॅरिबियनला गेलो. साधारण २,७०० सागरी मैल. ७ नॉटने दिवसाला १६८, म्हणजे सोळा दिवस.

पहिले दोन दिवस मी फक्त आडवी होते. लोकांना वाटतं वादळाची भीती असते. वादळ आलंच नाही. मागून येणाऱ्या साध्या लाटांनीच जीव नकोसा केला. शिडाच्या बोटीला वारा एका बाजूला रेलून धरतो, ती तशी स्थिर राहते. शिडाविना बोट दोन्ही कुशींवर लोळत राहते. यासाठी मराठीत एकच शब्द लावू नका. पुढून-मागून वरखाली होते ते ‘गोते खाणं’. बाजूवर होते ते ‘डोलणं’. आणि डोलणं हा शब्द फार प्रेमळ आहे हो, पिकं डोलतात, नाग डोलतो. आम्ही ‘लोळणं’ म्हणायला लागलो.

त्यावरचा इलाज म्हणजे ‘मासे’. खरंच तेच म्हणतात. दोन्ही बाजूंना लांब दांडे आडवे करायचे, प्रत्येकाला दोराने एक जड, पंखासारखा लोखंडी तुकडा पाण्यात सोडायचा. बोट एका कुशीवर गेली की त्या बाजूचा मासा खाली बुडी मारतो, दुसऱ्या बाजूचा वर ओढला जायला विरोध करतो. लोळणं निम्म्याहून कमी वाटतं. थोडा वेग जातो, पण माणूस चहा पिऊ शकतो. नवऱ्याने रोजनिशीत लिहिलेलं, ‘सकाळी ९ वाजता दोन्ही मासे पाण्यात सोडले.’ घरी आल्यावर दिराने वाचलं आणि विचारलं, धरलेले सोडून का दिले?

तिखटजाळ
म्हणजे मासे आहेत! संपादकांना कळवा, ट्रॉलर बरोबर होतं.

इंजिनघर
आता बऱ्याच बोटींना बुडाशी पंख असतात, हायड्रॉलिकने हलणारे. कलण्याची चाहूल लागली की आपोआप वळतात. पण ते बिघडतात. दोर आणि लोखंड सहसा बिघडत नाही, म्हणून जुने लोक अजून मासे बाळगतात. इंजिनाचंही तसंच. मुख्य डिझेल एकच, कारण एक मोठं आणि सावकाश चालणारं इंजिन दोन लहानांपेक्षा किफायतीचं. जोडीला एक छोटं, वेगळ्या पंख्याचं (प्रोपेलरचं), संकटात रांगत घरी नेण्यापुरतं. त्याचं इंग्रजी नावच ‘घरी पोचव’ असं आहे.

पानउलटीताई, तुमच्या पहिल्या शब्दाला ‘दणकट’, दुसऱ्याला ‘सोसवणारी’. बोट दणकट असते, पण सोसवतेच असं नाही.

पानउलटी
‘सोसवणारी’ घेतला! पण बोट माणसाला सोसते की माणूस बोटीला?

आडवाट
दोघं एकमेकांना. जोडप्यांचीच बोट ना?

कोशकीटक
या विषयात निदान एक शब्द तरी पूर्ण आपला सापडला आहे. दोघंच असतील तर दिवसरात्र आळीपाळीने जागं राहावं लागणार. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा सांगतो की कायम नजर ठेवा. याला सगळे ‘वॉच’ म्हणतात. आपला शब्द ‘पहारा’. आणि पहारा आला प्रहरावरून. दिवसाचे आठ प्रहर, एक प्रहर तीन तासांचा.

रात्रपाळी
अगं बाई! आमच्या पाळ्या तीन तासांच्याच होत्या. चारच्या करून पाहिल्या, शेवटच्या तासाला रडारकडे बघता बघता डोळे मिटायचे. दोघंच असतात तेव्हा तर तीन तास जाग, तीन तास झोप, असं दिवसेंदिवस. नवराबायको एकाच बोटीवर असून भेटतात फक्त पहारा बदलताना. संसाराला चांगलं की वाईट, मी सांगणार नाही.

वाळूतली_रेघ
मग दोघांतला नाखवा कोण?

आडवाट
फारसी ‘नाखुदा’. नाव अधिक खुदा, म्हणजे नावेचा धनी. एका नावेवर दोन खुदा कसे चालतील?

रात्रपाळी
कागदावर एकच. पण दुसऱ्याला बोट किनाऱ्याला लावता आली पाहिजे, ही अट घरात आधीच ठरवून घ्यावी. आमच्या मैत्रिणीला तोवर फक्त दोर धरायला लावत. सोळा दिवसांनी शेवटी बोट धक्क्याला तिनेच लावली आणि तिच्या नवऱ्याने दोर फेकला. चुकीचा.

कोशकीटक
मुद्दा फारसीचा निघालाच आहे तर सांगतो, तुम्ही ज्याला शुद्ध मराठी दर्यावर्दी शब्द समजता ते निम्मे परके आहेत. बंदर फारसी. दर्या फारसी, दर्यावर्दीही तिथलाच. सुकाणू अरबी ‘सुक्कान’.

तिखटजाळ
काका, पहिल्या प्रतिसादात तुम्ही उसनवारीच्या विरुद्ध होतात.

कोशकीटक
जुन्या उसनवारीला व्याज लागत नाही.

वाळूतली_रेघ
निदान नांगर तरी आपला. तळ नांगरतो म्हणून नांगर.

कोशकीटक
नाही! जमीन नांगरायचा नांगर संस्कृत ‘लांगल’वरून. बोटीचा नांगर फारसी ‘लंगर’वरून. दोन वेगळे शब्द मराठीत येऊन एकसारखे दिसायला लागले.

इंजिनघर
गंमत म्हणजे १९३३ मध्ये जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी नवा नांगर काढला. त्याचा आकार थेट शेतातल्या नांगराच्या फाळाचा, आणि तो खरंच तळ नांगरतो. पुढे हौशी बोटींवर तोच कितीतरी वर्षं चालला. म्हणजे मराठीने गोंधळ केला आणि नंतर वस्तूच त्या गोंधळाप्रमाणे घडली.

आडवाट
हे मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

पानउलटी
मंडळी, शुक्रवार उजाडला. मूळ प्रश्नाचं काही नाही झालं, पण ‘पहारा’ आणि ‘सोसवणारी’ मजकुरात गेलेत. बोटीला शेवटी ‘लांब पल्ल्याची यॉट’ लिहिलं, एकदा ‘तारू’ घुसवलं. संपादकांनी ‘यॉट’चं ‘याट’ करून परत पाठवलंय आणि ‘तारू’खाली प्रश्नचिन्ह आहे.

कोशकीटक
‘याट’ चूकच. पण यॉट ती की तो? तारू ते, मचवा तो, होडी ती. नुसत्या ‘बोट’वर गेलात तर तिथेही बघा, समुद्रात ती आणि हाताला ते.

पानउलटी
ती. आता एकच राहिलं. या बोटीच्या मागे किंवा छतावर ठेवलेली छोटी होडी असते, किनाऱ्यावर जायला. इंग्रजीत ‘डिंगी’. तिला तरी मराठी शब्द सांगा.

कोशकीटक
‘लघुनौका’.

इंजिनघर
अहो, ‘डिंगी’ इंग्रजांनी आपल्याकडूनच नेली. हिंदी-बंगालीतली डिंगी.

कोशकीटक
हिंदी-बंगालीतली. मराठीतली नव्हे. लघुनौकाच.

तिखटजाळ
‘सागरतरणीच्या छतावर एक लघुनौका’. पुढच्या शुक्रवारी भेटू.