लिफ्टमधल्या बोल्टचं गणित: उत्तर जुळत नाहीये, मदत हवी आहे (तातडीने)

घाईघाईत
लेकीची उद्या परीक्षा आहे आणि तासभर आम्ही दोघी एकाच गणितावर अडून बसलोय. लिफ्ट वर जातेय. छताचा एक बोल्ट निखळतो. छतापासून तळापर्यंत २.१६ मीटर. बोल्ट तळावर पडायला किती वेळ लागेल? जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) १० घ्यायचा. माझं उत्तर ०.६६ सेकंद येतंय, लेकीचं १.१७, आणि पुस्तकात मागे ०.६ छापलंय. पुस्तकच चुकलंय ना? ०.६६ चं गोल करून ०.६ केलं असेल का? सापेक्ष गतीचा धडा आहे. फक्त कुठं चुकतंय तेवढं सांगा. व्हिडिओ नकोत, तीन बघून झालेत.

पेन्सिलतोड
०.६६ गोल केलं तर ०.७ होईल, ०.६ नाही. लिफ्टचा वेग किती?

घाईघाईत
४ मीटर प्रति सेकंद. पण तो लागतोच कुठं? लिफ्टलाही तोच, बोल्टलाही तोच, कापला जातो. म्हणून लिहिला नाही.

तारेवरचा
लिफ्टच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काढली आहेत. छताचा बोल्ट असा आपोआप निखळून आत पडत नाही हो. छताच्या आत वेगळी पॅनेल असते, निखळलाच तर त्या पॅनेलवर पडून राहील.

खवचट
मग उत्तर "पडत नाही" असं लिहू दे पोरीला. एक मार्क तरी मिळेल.

उगाचच
लिफ्ट कोसळत असताना शेवटच्या क्षणी उडी मारली तर माणूस वाचतो असं पुष्कळांना वाटतं. वाचत नाही. २० मीटरवरून लिफ्ट मोकळी पडली तर खाली पोचताना वेग २० मी/से. तुम्ही जीव खाऊन उडी मारलीत, चांगली पाऊण हात उंच, तरी त्या उडीचा वेग जेमतेम ३ मी/से. आणि तो लिफ्टच्या सापेक्ष! जमिनीच्या सापेक्ष तुम्ही १७ नं आपटणारच.

घाईघाईत
लिफ्ट कोसळत नाहीये. वर जातेय.

निवृत्त_मास्तर
ताई, एक सांगा. ४ हा वेग सगळ्या वाटभर ४ च आहे, की बोल्ट सुटला त्या क्षणाचा आहे?

घाईघाईत
सुटला त्या क्षणाचा. लिफ्ट दर सेकंदाला २ नं वेग घेतेय ना.

पेन्सिलतोड
"घेतेय ना"??? हे आत्ता सांगताय?

घाईघाईत
अहो, वेग कापला गेला की त्वरणही कापलं जाणार असं वाटलं. दोन्ही लिफ्टचेच ना.

निवृत्त_मास्तर
इथंच सगळी गोम आहे, आणि यात तुमचा दोष नाही, वर्गात निम्मी मुलं इथं घसरतात. बोल्ट सुटला त्या क्षणी त्याच्याकडे लिफ्टचा वेग आहे. पण लिफ्टचं त्वरण नाही. ते त्याला छत देत होतं, खेचून. छत सुटलं की बोल्टवर फक्त गुरुत्वाकर्षण. लिफ्ट मात्र दोर ओढतोय म्हणून २ नं वेग घेतच राहते.

आता जमिनीवर उभं राहून बघा. बोल्ट सुटला ती जागा शून्य धरा, वेळ टी.
बोल्टची उंची: ४टी − ५टी²
तळाची उंची: −२.१६ + ४टी + टी²
दोघं भेटतात तेव्हा हे सारखे. ४टी दोन्हीकडून उडाला (हे तुमचं बरोबर होतं). उरलं ६टी² = २.१६, टी² = ०.३६, टी = ०.६. पुस्तक बरोबर आहे.

अर्धविराम
मास्तर, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लिफ्टच्या फ्रेममध्ये बसा, म्हणजे लिफ्ट स्थिर धरून आतून मोजा. सुरुवातीचा वेग शून्य, जी च्या जागी १० + २ = १२. २.१६ = ६टी². झालं. स्यूडो फोर्स (आभासी बल) एकदा समजला की असली गणितं तोंडी सुटतात.

निवृत्त_मास्तर
तोंडी सुटतात आणि तोंडावर पाडतात. १२ कुठून आलं हे विचारल्यावर पोर काय सांगणार? "खाली ओढणारं एक जादाचं बल आहे"? ते बल कोण लावतं? कोणीच नाही. नसलेलं बल मुलांच्या वहीत लिहायला लावायचं आणि मग न्यूटनचा तिसरा नियम शिकवायचा, त्याचं प्रतिबल शोधत बसतात बिचारी.

अर्धविराम
नसलेलं म्हणता, मग लिफ्ट वर निघताना गुडघ्यांवर भार येतो तो काय भास असतो? मी आमच्या लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवून बघितलंय. डिजिटल नाही, तो आकडा एकदा धरला की सोडत नाही. तबकडी फिरणारा जुना. माझं वजन ६०. वर निघाल्यावर तबकडी ६५ च्या पुढं गेली, थरथरली, मग लिफ्ट एकसारखी चालू लागली तशी परत ६० वर आली. वरच्या मजल्यावर थांबताना ५५ च्या खाली. काट्याला कुठलं आलंय तत्त्वज्ञान.

निवृत्त_मास्तर
काटा तुमच्या पायांवर तळानं लावलेलं बल दाखवतो. ते खरं आहे, आणि ते वर आहे, खाली नाही. तुम्हाला वर ढकलायला तळाला जास्त जोर लावावा लागतो, एवढंच. तुमचा प्रयोग माझ्याच बाजूनं बोलतोय.

तारेवरचा
काटा ६५ च्या आसपास म्हणजे त्वरण १ च्या जवळपास. साधारण तेवढंच ठेवतात, माणसांना पोटात गोळा येऊ नये म्हणून. २ ठेवलं तर लोक तक्रारी करतील. गणित बनवणाऱ्यानं कधी लिफ्ट बघितली नाहीये.

पेन्सिलतोड
दोघंही बरोबर आहात, भांडताय कशाला. फ्रेम कुठलीही घ्या, एक घेतली की तीच शेवटपर्यंत धरा. लेकीचं १.१७ कसं आलं ते बघितलं का कुणी? मी उलटं सोडवून बघितलं. तिनं बोल्टला ४ वेग वर दिला आणि तो २.१६ खाली पडायला लागणारा वेळ काढला. म्हणजे बोल्टचा वेग जमिनीवरून मोजला आणि तळ मात्र लिफ्टमध्ये बसून बघितला, स्थिर! अर्धा पाय बाहेर, अर्धा आत. तुमच्या उत्तरात फक्त त्वरण राहिलं, तिच्यात फ्रेमच मिसळल्या.

घाईघाईत
तिला दाखवलं. "अगंबाई" म्हणाली आणि वही ओढून घेतली. पण मग माझं ०.६६ हे कशाचं उत्तर आहे?

पेन्सिलतोड
लिफ्ट एकाच वेगानं चालली असती तर त्याचं. ४ नं, ४० नं किंवा थांबलेली, सगळ्यात ०.६६ च. आत बसून बोल्ट टाकून तुम्हाला कळणारच नाही लिफ्ट चालतेय की उभी आहे. गॅलिलिओनं १६३२ मध्ये जहाजातल्या बंद खोलीबद्दल हेच लिहिलंय: जहाज एकसारखं चाललं असेल तर वर टांगलेल्या भांड्यातलं पाणी थेंब थेंब खालच्या भांड्यातच पडतं. हेलकावे बसले, वेग बदलला, की कळतं.

उगाचच
गॅलिलिओच कशाला? आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय की पुढं चाललेल्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. म्हणजे पृथ्वी फिरते. आपल्याकडे हजार वर्षं आधी होतं सगळं.

खवचट
आर्यभटानं बोल्टबद्दल काही लिहिलंय का? नसेल तर वेगळा धागा काढा.

उगाचच
मुद्दा सापेक्ष गतीचाच आहे. विषुववृत्तावर उभा माणूस पृथ्वीबरोबर तासाला सुमारे १६७० किलोमीटरनं फिरतोय आणि त्याला पत्ता नाही.

अर्धविराम
आणि तरी पृथ्वी फिरते हे बंद खोलीत बसून सिद्ध करता येतं. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोनं १८५१ मध्ये पॅरिसमध्ये लांब तारेला गोळा टांगून दाखवलं, झोक्याची दिशा हळूहळू वळते. कारण फिरणं म्हणजे त्वरण. मास्तर, बघा, इथंही आभासी बल घ्यावं लागतं.

निवृत्त_मास्तर
घ्यावं लागत नाही. घेतलं तर सोयीचं पडतं. यात फरक आहे.

घाईघाईत
लेक विचारतेय: जमिनीवरच्या समीकरणात टी ०.६ घातलं तर बोल्टची उंची अधिक येते. ४ × ०.६ − ५ × ०.३६ = +०.६. म्हणजे बोल्ट सुटला तिथून ६० सेंटिमीटर *वर* जाऊन तळावर "पडला"? हे कसं? की आकडेमोड चुकली?

निवृत्त_मास्तर
शाबास पोरी! आकडेमोड बरोबर आहे. सुटला तेव्हा बोल्टचा वेग वरच्या दिशेला ४ होता, तो लगेच खाली कसा येईल? ०.४ सेकंदांत ८० सेंटिमीटर वर चढला, मग २० सेंटिमीटर खाली आला, तेवढ्यात तळच वर येऊन त्याला धडकला. बाहेरचा माणूस म्हणेल तळ बोल्टवर आदळला. आतला म्हणेल बोल्ट माझ्या डोक्यावरून सरळ खाली पडला. दोघांच्या घड्याळात ०.६ च.

खवचट
आणि आतला माणूस डोक्याला हात लावून म्हणेल की फ्रेम गेली खड्ड्यात.

तारेवरचा
तरी सांगतो, पॅनेलवर अडकला असता.

घाईघाईत
धन्यवाद सगळ्यांना, खरंच. तिनं आता दोन्ही रीतींनी सोडवलं, आभासी बलवाली तिला आवडली (सॉरी मास्तर). पण त्याच्याच खालचं गणित: हीच लिफ्ट *खाली* जातेय, वेग ४, बोल्ट तसाच सुटतो. याचं उत्तरही ०.६ च दिलंय! हे तर नक्की छपाईचं

पेन्सिलतोड
खाली जाताना वेग वाढतोय की कमी होतोय?

घाईघाईत
अहो, पूर्ण लिहू तर द्या. चुकून पाठवलं गेलं. कमी होतोय. २ नं.

अर्धविराम
मग त्वरण वरच. जी च्या जागी परत १२.

निवृत्त_मास्तर
उत्तर सांगू नका हो! ताई, तिला म्हणावं जमिनीवरून सोडव, आणि या वेळी बोल्ट किती मीटर खाली आला ते इथं लिही. मी जागा आहे.

घाईघाईत
४.२ मीटर म्हणतेय. आणि तळ २.०४. वजाबाकी करून स्वतःशीच हसतेय.