जुन्या स्पोर्ट्स कारचे डॅशबोर्ड नॉब आणि बॅज: साच्यातून काढायचे की लेथवर?

हिंगणा_लेथ (धागाकर्ता): एमजीए (१९५५–६२) किंवा ट्रायम्फ टीआर३ अशा जुन्या ब्रिटिश गाडीचा नॉब फुटला की लोक लगेच सिलिकॉनचा साचा करून रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक) ओततात. माझ्या मते दहाच्या आत नग हवे असतील तर लेथच बरा. साचा मूळ नॉबची झीजही उचलतो. बोटांनी गोल झालेली कड, अर्धवट पुसलेलं अक्षर, सगळं नव्या नॉबवर उतरतं. काळ्या डेलरिनचा (एक टणक प्लास्टिक) रॉड घ्या, फॉर्म टूलने (हव्या आकाराची धार असलेलं हत्यार) कड काढा, अक्षर ०.४ मिमी खोल कोरा, त्यात पांढरा रंग भरा. झालं.

बर्डीचा_स्पोक: झालं कसं भाऊ? डेलरिनला रंग धरतच नाही. वाळला की अक्षरातून खपली निघून येते. आणि झिजलेल्या नॉबवरूनच साचा करायचा, असं कोण सांगून राहिलं? आधी मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो नग, दुरुस्त करायचा: पुटी भरून ८०० नंबरच्या पेपरने घासायचा, अक्षर पुन्हा कोरायचं, मग साचा. फक्त मास्टरवर गंधक असलेली क्ले लावू नका, प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन तिथे जमतच नाही, चिकचिकीत राहतं.

४५_डिग्री: दोघंही ऊन विसरले. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो. साधं पटकन जमणारं पॉलियुरेथेन रेझिन त्याआधीच मऊ पडतं आणि नॉब ओढला की आतला आट्यांचा पितळी इन्सर्ट सुटतो. ९० अंशांच्या वर टिकणारं रेझिन घ्या, इन्सर्टला नर्लिंग (पकड धरायला बाहेरून खाचा) करा, ॲसिटोनने पुसा, ओतल्यावर ओव्हनमध्ये हळूहळू तापवून पोस्ट-क्युअर करा, म्हणजे रेझिन पूर्ण पक्कं होतं. थ्रीडी प्रिंटवाल्यांनी पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) तर वापरूच नये, ६० अंशांच्या आसपासच ते लोळतं. पावसाळ्यात रेझिनचा डबा उघडा ठेवला तर ओल धरून आत बुडबुडे होतात, तेही लक्षात असू द्या.

हिंगणा_लेथ: रंगाचं मान्य, मग काळा ॲक्रिलिक रॉड घ्या. कातल्यावर ८० अंशांवर काही तास ॲनील करा (तापवून हळूहळू थंड करा, आतला ताण जातो), नाहीतर थिनर लागताच बारीक तडे जातात. इन्सर्टच्या आट्यांचं मात्र कोणी बोललं नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेच्या सामानात २ बीए (जुनं ब्रिटिश माप) आटे सर्रास भेटतात: ४.७ मिमी व्यास, ०.८१ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. एम५ची (५ मिमी व्यासाचा मेट्रिक आटा) पिच ०.८, म्हणून लोक एम५चा टॅप मारून मोकळे होतात. नॉब चढतो खरा, पण डुगडुगतो आणि शेवटी आटे खातो. आधी थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावा.

पितळी_बॅज: नॉब सोपे आहेत राजेहो, खरी गंमत बॅजची. मूळ बॅजवरून साचा काढून पितळ ओतलं की ते साधारण दीड टक्का आकसतं. मागच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ५० मिमी असेल तर ४९.२५ होतं आणि बॉनेटच्या भोकांत बॅज बसत नाही. मग कोणीतरी भोकं मोठी करतं! पत्रा मूळचा, आणि नुकसान त्याचंच. मास्टर तेवढा मोठा करा, किंवा खुंट्या नंतर ड्रिल करून बसवा. क्रोमही थेट चढवू नका. खाली तांबं आणि निकेल पाहिजे.

बर्डीचा_स्पोक: आणि बॅजवर कंपनीचा छाप? माझ्या मते हुबेहूब हवा. छाप नसलेला बॅज कॉनकुरला (जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत) मार खातो.

४५_डिग्री: स्वतःच्या गाडीला लावा, विकायला काढू नका. भारतात डिझाइनची नोंदणी फार तर १५ वर्षं चालते, त्यामुळे १९५०च्या दशकातल्या नॉबच्या आकाराची चिंता नाही. ट्रेडमार्क, म्हणजे तो कंपनीचा छाप, मात्र दर १० वर्षांनी नवा करत कितीही काळ ठेवता येतो. आणि आतल्या बाजूला, चढवल्यावर न दिसेल असं, नक्कल असल्याचं वर्षासकट कोरा.

बर्डीचा_स्पोक: कोरलेलं घासून टाकायला पाच मिनिटं लागतात.

पितळी_बॅज: वरून कोरलं तर. मास्टरमध्येच खोल ठेवा. घासणाऱ्याला खुंट्यांची बूडंही घासावी लागतील, मग तो बॅज बसेल कशाच्या जोरावर?