जुन्या स्पोर्ट्स कारनं तुम्हाला कुठं कुठं थांबवलंय? (अनुभव धागा)

जांबोटीकर
परवा बेळगाव-गोवा वाटेवर कणकुंबीच्या अलीकडं एका पडवीत ताडपत्रीखालनं लाल बोनेट बाहेर आलेलं दिसलं. सॅन स्टॉर्म! गोव्यात बनलेली, दोन सीटची, छत उघडणारी, फायबर बॉडी, आत रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. १९९८ च्या आसपास आली, नंतर गेली, नव्या पोरांना नावही ठाऊक नसणार. तसलीच एक माझ्याकडं होती, सेकंडहँड. घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "आणि बाकीची माणसं कुठं बसणार? टपावर?" टप कापडाचा होता, ते तिला सांगितलंच नाही.

तिचा एक आजार सांगतो. चोर्ला घाटात पाऊस, हेडलाइट लावला की वायपर म्हातारा व्हायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा. वर लाइट लावल्या लावल्या टेंपरेचरचा काटा चढायचा, बंद केला की खाली. बेळगावातल्या एका गॅरेजनं बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), मग म्हणाले इंजिनचं हेड खोलू. शेवटी गोवावेसकडच्या एका वायरिंगवाल्या मामांकडं नेली. मामांनी काय केलं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर ओढली आणि तिचं उघडं टोक हेडलाइटच्या काळ्या वायरीला टेकवलं. लाइट लख्ख! "अण्णा, ही फायबर हाय, पत्रा न्हवं. बॉडीला अर्थिंग मिळतंय कुठं?"

पत्र्याच्या गाडीत बॉडीच निगेटिव्हचं काम करते. फायबरच्या गाडीत प्रत्येक दिव्याची काळी वायर चेसिसपर्यंत परत न्यावी लागते, आणि ती सगळी एका नटावर बांधलेली. तो नट हिरवा पडलेला. पॉलिश पेपरनं घासला, पेट्रोलियम जेली लावली, इंजिन ब्लॉकपासून चेसिसला जाड वेणीची पट्टी टाकली. काटा गप्प बसला. हेड आहे तिथंच आहे.

तुमच्याकडं कुणाकडं जुनी स्पोर्ट्स कार असेल, होती असेल, शेजाऱ्याची ढकलली असेल, तरी लिहा.

निपाणी_बायपास
अर्थिंगच. डोळे झाकून. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी खराब. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दिसली की अल्टरनेटरला हात लावायचा नाही. मीटर पाचशेला मिळतो, अल्टरनेटर कितीला ते जांबोटीकरांना विचारा 😂

जांबोटीकर
नका विचारू.

खाऊगल्ली
कणकुंबीत नेमकं कुठं? तिथल्या टपरीवर कांदाभजी मिळायची पावसात. चालू हाय काय अजून?

शहापूरची_सून
आमच्याकडं ह्यांची कापडी टपाची गाडी. लग्नात सासूबाईंनी गाडी "देवाची" म्हणून दाखवली होती, म्हणजे नवस बोलल्याशिवाय सुरू व्हायची नाही.
पावसाळ्यात पायाखाली पाणी साचायचं. दर वर्षी टपाचं रबर बदलून झालं. खरं कारण वेगळंच. टपाच्या मागच्या कडेला दोन्ही बाजूंना भोकं असतात, पाणी तिथनं नळीतनं खाली पडायचं. गाडी गुलमोहराखाली लावायची हौस, पाकळ्या आणि पानं आत जाऊन भोकं बंद. पाणी दारांखालच्या पोकळीत उतरून पत्रा आतनं कुजत होता, वरनं रंग चकाचक. मी नायलॉनची दोरी घालून साफ केली. काळा चिखल निघाला आणि एक बटण. बटण कुणाचं ते ह्यांनी आजवर सांगितलं नाही.

टर्बो_तात्या
वहिनी, बटणाचा वेगळा धागा काढा 😄

मस्कतहून_खानापूर
तिकडं असताना माझ्याकडं पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स ५ होती. १९८९ ची डिझाइन, लाइट वर उचलणारे. एका रात्री एकच डोळा उघडला. लोक बघून हसूलालेत, मला वाटलं माझ्याकडं बघून. बोनेट उघडलं की लाइटच्या मोटरवर रबरी टोपीखाली गोल नॉब असतो, हातानं फिरवला की लाइट वर येतो. हे ज्याला माहीत नाही तो रात्रभर रस्त्यात. पुढं रिले (करंट चालू-बंद करणारी डबी) आणि मोटरची वायर बघायची, बहुतेक तिथंच असतं. आणि हो, त्या गाडीची बॅटरी डिकीत, पुढं शोधत बसू नका.

हिंडलगा_चढ
आम्ही पण बघितलोय तसली, गोव्याला जाताना. डोळा मारल्यासारखं करत होती.

टर्बो_तात्या
माझी १.८ टर्बो. पाऊस पडला की मिसिंग मारायची (इंजिन अडखळायचं), विशेषतः वंटमुरी घाटात पिकअप घेताना. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपनं इंजेक्टरचा लांबलचक खर्च काढून दिला. मी ओबीडी (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावलं, तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. तिसरी कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) काढून पहिलीवर घातली, पहिलीची तिसरीवर. परत बघितलं तर मिसफायर पहिल्यावर आलेला. म्हणजे कॉइलच गेलेली, इंजेक्टर नाही. आता एक कॉइल आणि एक दहाचा पाना डिकीत कायम.
जाता जाता: टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) नुसत्या किलोमीटरवर बदलू नका, वयपण बघा. उभ्या गाडीचं रबरपण म्हातारं होतंय.

चिकोडी_ऊस
रबराचं निघालंच म्हणून. आता पेट्रोलमधी २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीच्या पेट्रोल पायपा त्यासाठी केलेल्याच नसतात, फुगतात, मऊ पडतात, मग भेगा. गाडीत पेट्रोलचा वास आला की आधी पाइप बघा, मग बाकी. क्लिपापण नव्या घाला. गंमत बघा, ऊस आमचा, फॅक्टरी आमच्या तालुक्यात, आणि तेच इथेनॉल आमच्याच पायपा खातंय.

निपाणी_बायपास
यंदा उसाचं बिल कधी मिळणार ते सांग आधी, पायपाचं नंतर.

चिकोडी_ऊस
ते इचारू नगा वो 🙏

उद्यमबाग_लेथ
थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) कुणीच लिहिलं नाही. गाडी गरम झाली की आपल्याकडं पहिलं काम, थर्मोस्टॅट काढून फेकायचं. "थंड हवेत लागत न्हाई सायेब." मग इंजिन कायम गार, गाडीचा कॉम्प्युटर समजतो अजून सकाळच आहे, पेट्रोल जास्त सोडतो, अॅव्हरेज कोसळतं, प्लग काळे. गरम होण्याचं कारण बहुतेक वेळा पंख्याचा स्विच नाहीतर रिले. इंजिन गरम असताना पंख्याच्या मोटरला बॅटरीवरनं थेट वायर द्या. फिरला तर मोटर चांगली, दोष स्विच नाहीतर रिलेकडं.
आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यातल्या गाद्या) परदेशातनं मागवू नका. जुना बुश घेऊन या, मापं घेऊन लेथवर करून मिळतात. आमच्या इथं हायड्रॉलिकचे पार्ट होतात, गाडीचा बुश काय मोठा?

जांबोटीकर
थर्मोस्टॅटबद्दल थोडं वेगळं मत आहे. जाम झालेला असेल तर घाटात अडकण्यापेक्षा काढून घरी यावं. पण घरी आल्यावर नवा घालायचा, हे कुणी करत नाही.

उद्यमबाग_लेथ
तेच की. "घरी आल्यावर" ही तारीख येत न्हाई.

कॅम्प_पोरगं
जीए पासिंगची (गोव्याची) जुनी स्पोर्ट्स कार घेतली तर इकडं किती टॅक्स भरायचा? एक बघून ठेवलीय. बाबांना सांगितलं नाही अजून.

हिंडलगा_चढ
आधी गोव्याच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) काढ, मग इकडचा लाइफ टॅक्स, मग केए २२ चा बेळगावचा नंबर. १५ वर्षं झाली असली तर फिटनेस आणि रजिस्ट्रेशन रिन्यू. टॅक्स गाडीच्या वयावर आणि किमतीवर, त्यामुळं आरटीओ ऑफिसात जाऊनच विचार. एजंटला विचारलास तर तिसराच आकडा ऐकायला मिळेल.

शहापूरची_सून
पोरा, बाबांना आधी सांग. पावसाळा संपल्यावर घे, आणि बघायला जाताना सीटखालचा गालिचा उचलून बघ. ओला असला तर परत ये.

मस्कतहून_खानापूर
आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवून बघ, दोन्हीकडं. टक टक आवाज आला तर ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) जॉइंट गेलाय. रबरी बूट फाटलेला असतो, ग्रीस बाहेर, माती आत. भाव पाडायला चांगलं कारण.

खाऊगल्ली
भजीचं कुणी सांगितलंच नाही.

कॅम्प_पोरगं
थँक्यू सगळ्यांना. अजून एक, क्लच केबल कुठं मिळंल? मालक म्हणतोय तेवढीच बदलायची हाय. (तेवढीच 😅)

उद्यमबाग_लेथ
तयार नाही मिळाली तर जुनी केबल घेऊन ये. दोन्ही टोकं तीच ठेवून आतली तार नवी घालून देतात. दुपारी दोन ते चार यायचं न्हाई, सगळे जेवायला गेलेले असतात.