आवळीभोजनाला पुडीभर चिवडा आणायचा अन् जाताना डबे भरून न्यायचे, हे चालतं का?

आर्वीची मास्तरीण
कार्तिक लागला की आमच्याकडे आवळीभोजनाचे बेत सुरू होतात. आवळा नवमीपासून पौर्णिमेपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या वावरात आवळीखाली जेवायला मंडळी जमलेली असते. बचत गटाचं वेगळं, भजनी मंडळाचं वेगळं, शाळेचं वेगळं. पहिले एका घरचा स्वयंपाक असायचा नाहीतर वर्गणी. वर्गणीत भांडणं फार, म्हणून आता ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ करून आणायचा अशी रीत पडली आहे. रीतीला माझा विरोध नाही. वागण्याला आहे.

घरची पाच माणसं जेवायला येतात अन् सोबत काय, तर दुकानातली चिवड्याची पुडी. सांभारवडी करणारीनं आदल्या दिवशी सांभार म्हणजे कोथिंबीर निवडून, धुऊन, फडक्यावर वाळवून बारीक चिरलेला असतो, खसखस-खोबरं भाजलेलं असतं, पहाटे उठून एकेक पुडा बांधून तळलेला असतो. अन् पंगत बसायच्या आत कोणीतरी त्यातल्या आठ-दहा वड्या पिशवीत टाकून मोकळी. विचारलं तर म्हणते, "पोट्ट्यांसाठी हो, ते आले नाहीत ना." बगोणी घासायची वेळ आली की नेमका सगळ्यांना घरून फोन येतो. भांड्यांचं तर बोलूच नका. नाव कोरलेलं असूनही माझा एक डबा गेल्या दिवाळीपासून दुसऱ्याच्या मांडणीवर आहे. मला तो जाता-येता दिसतो.

यंदा मी गटात तीन गोष्टी मांडणार आहे. घरची जितकी माणसं येतील तितक्यांना पुरेल एवढं आणायचं. सगळ्यांचं जेवून होईपर्यंत कोणी डबा भरायचा नाही. अन् भांडी घासल्याशिवाय कोणी वावर सोडायचं नाही. हे फार होतंय का?

वऱ्हाडी ठेचा
बाप्पा! एवढे नियम तं ग्रामपंचायतीत बी नाई. आवळीखाली जेवाले चाललो का तहसीलमंदी? मानसं मोजून भाजी आनायची म्हनल्यावर उद्या गेटवर काटा बी लावसान.

कपाशीचं बोंड
मास्तरीणबाई, तुमचा पहिला नियम मला पटत नाही. कार्तिकात कापसाची वेचणी ऐन भरात असते. वेचाई किलोवर मिळते. जी बाई दिवसभराची वेचणी सोडून आवळीखाली येते, तिनं आपली त्या दिवसाची मजुरी आधीच तिथं ठेवली आहे. वरून तिच्या डब्यात किती भाजी आहे हे मोजणार का? ती लेकरांसाठी चार वड्या नेत असेल तर नेऊ द्या. त्या वड्यांनी कोणाचं घर बुडत नाही.

आर्वीची मास्तरीण
मजुरीवाल्या बायांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. त्या टोपलंभर भाकरी अन् जवसाची चटणी घेऊन येतात अन् शेवटी झाडूनही जातात. पुडी आणणारे पगारदार आहेत. मोटरसायकलवर येतात.

यवतमाळी काका
दोष त्या बुफेचा आहे. टेबलावर सगळं मांडून ठेवलं की माणसाचा हात सुटतोच. पंगत बसवा. वाढपी फिरतो, त्याला शेवटच्या पानापर्यंत पुरवायचं असतं, म्हणून तो बरोबर हात राखून वाढतो. दुसऱ्या फेरीला आग्रह करतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं की गंजात, म्हणजे पातेल्यात, किती आहे. आमच्या लहानपणी पळसाच्या पत्रावळीवर दोनदा भात घेऊन कोणी तिसऱ्यांदा हात पुढे केला, तर शेजारचा म्हातारा नुसता पाहायचा. तेवढं पुरायचं.

वर्धेची सून
काका, पंगतीचं कौतुक पहिल्या पंगतीत बसणाऱ्याला असतं. पुरुषांची पंगत आधी, मग पोरं, मग पाहुण्या बाया, शेवटी रांधणाऱ्या. आमच्या वाट्याला पाटवडीचा रस्सा येतो तेव्हा वरची तर्री केव्हाच निघून गेलेली असते. खाली राहतं पाणी अन् मोडलेल्या वड्यांचा चुरा. तो वाढपीही आमचाच कोणीतरी दीर असतो, त्याचा हात कोणत्या पानावर मोकळा होतो हे मी चांगलं पाहिलं आहे. टेबलावर मांडलेलं बरं. निदान मला माझ्या हातानं तर्री घेता येते.

आणि वाईट चालीरीतींची यादी करतच असाल तर त्यात हेही लिहा: कसलंही काम न करता नुसते जेवायला येणारे, अन् जेवता जेवता "मीठ कमी आहे", "मागच्या वर्षीचं वरण बरं होतं" म्हणणारे. यात बाया किती अन् पुरुष किती, ते ज्यानं त्यानं मोजावं.

वऱ्हाडी ठेचा
वैनी, मले लागलं थे. पन खरं हाय.

दवाखान्यातली ताई
भांडणाच्या मध्ये एक कामाचं सांगते. सकाळी नऊला भरलेला भात दुपारी दोनला उघडता, तेही उन्हात ठेवलेल्या पिशवीतून. शिजलेला भात कोमट अवस्थेत दोन तासांच्या वर राहू नये. त्यात वाढणारे काही जंतू पुन्हा गरम करून जात नाहीत, कारण त्यांनी सोडलेलं विष उष्णतेला दाद देत नाही. दुसरं म्हणजे कढी, अंबाडीची भाजी असलं आंबट काही बिनकल्हईच्या पितळी गंजात आणू नका. कल्हईवाले आता गावात फिरत नाहीत, पण आजीचा गंज मिरवायची हौस आहेच. उलट्या झाल्या की मग कोणाच्या हातच्यानं झाल्या यावरून वर्षभर अबोला.

नदीपलीकडचा
जास्त नेणाऱ्यांवर सगळे बोलून राहिले. न खाणाऱ्यांवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो.

मी शिक्षक आहे. आमच्या स्टाफच्या आवळीभोजनाला बायकोनं गोळाभात केला होता. चांगला करते. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, गोळे वाफवून भातात, वरून हिंगाची फोडणी अन् कढी. सगळ्यांचे डबे रिकामे झाले, आमचा जसा नेला तसा राहिला. एका मॅडमचा उपास होता, पण त्यांनी शेजारचा मसालेभात घेतला होता. दुसऱ्या म्हणाल्या तेल चालत नाही, त्यांच्या पानात चार आलूबोंडे होते. तिसरीनं मात्र कौतुक करत वाढून घेतला अन् पानाच्या कडेला सारून ठेवला. वरून पोळीचा तुकडा झाकला. आमची वस्ती कोणती, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्या वर्षी बायकोनं हलवायाकडून जिलबी नेली. दहा मिनिटांत संपली.

तेव्हा मास्तरीणबाई, दुकानातली पुडी घेऊन येणाऱ्यावर आळशीपणाचा शिक्का मारायच्या आधी त्यानं मागे कधी घरून रांधून आणलं होतं का अन् त्याचं काय झालं, हे पाहत चला. मोटरसायकल असल्यानं यात फरक पडत नाही.

मोर्शीकर
सर, तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं, पण प्रत्येक पानावर जात शोधू नका. आवळा नवमीला चातुर्मास संपलेला नसतो, एकादशी दोन दिवसांवर असते. कित्येक घरी तोवर कांदा, लसूण, वांगं बंद असतं. माझ्या आईनं उभ्या जन्मात परान्न घेतलं नाही, सख्ख्या बहिणीकडेही आपला डबा घेऊन जायची. तिनं कोणाचा अपमान केला का? काय खावं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

नदीपलीकडचा
गोळाभातात कांदाही नव्हता, लसूणही नव्हता. अन् ज्याला परान्न चालत नाही त्यानं इतर सगळ्यांचं खाऊन फक्त एका डब्याशी नेम पाळला, तर तो कसला नेम? तुमच्या आईनं कोणाचंच घेतलं नाही. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही.

कोर्टाची पायरी
यासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तक्रार करायला हवी होती.

कपाशीचं बोंड
काय तक्रार करणार? अमकीनं भात पानाच्या कडेला सारला? तो कायदा जातपंचायती माणसाला वाळीत टाकतात त्यावर आणला आहे. इथं कोणी कोणाला येऊ नका म्हणालेलं नाही. हसून बोलावलं, शेजारी बसवलं, फोटोही काढला असेल. त्याला कोणतं कलम लावता?

सेवामंडळी
मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात गोपाळकाला होतो. 1968 ला महाराज गेले, त्यानंतर ही रीत गावोगावच्या मंडळांनी उचलली. ज्यानं जे आणलं ते एकत्र कालवायचं अन् सगळ्यांनी घ्यायचं. कोणाची भाकर, कोणाच्या लाह्या, काही कळत नाही. आवळीखाली हेच करा. पुडीचाही प्रश्न मिटला, डब्याचाही.

वर्धेची सून
दही-लाह्या कालवणं ठीक आहे हो. माझी सांभारवडी कोणी कढीत अन् शिऱ्यात कालवली तर मी आवळीवर चढून बसेन.

नदीपलीकडचा
सेवामंडळी, काल्याबद्दल आदर आहे. पण आमचं अन्न आमचं आहे हे कळलं नाही तरच लोक खाणार असतील, तर त्यात आमचं काय समाधान? बायकोला गोळाभात लपवायचा नव्हता. कोणीतरी "फोडणी मस्त झाली" म्हणावं एवढंच तिला पाहिजे होतं.

यवतमाळी काका
मग घरून रांधून आणूच नका. शिधा आणा. कणीक, तुरीची डाळ, तेल, ज्याच्या वावरात वांगी असतील त्याची वांगी. तिथंच गोवऱ्यांचा जगरा लावून रोडगे भाजा. एकदा आरातून निघाले, राख झटकली, तुपात बुडवले की जेवायला सगळे सारखे. मोजमाप नाही, शिळं नाही, पुडी नाही.

भंडाऱ्याचा धान
काका, रोडगे तुमच्या कापसाच्या पट्ट्यात. आमच्या झाडीपट्टीत त्या दिवसांत धानकापणी असते, शिधा मागाल तर जो तो तांदूळच आणेल. वनभोजनाला भात अन् वांग्याचा रस्सा करतो आम्ही. पण तिथंच रांधायचं, हे पटलं. ज्यांनी लाकडं गोळा केली, त्यांना आपोआप घासायलाही लागावं लागतं.

नदीपलीकडचा
तिथंच रांधायचं, बरोबर. आमच्या शाळेनंही ते करून पाहिलं. मला गोवऱ्या रचायला बोलावतात, विहिरीवरून पाणी आणायला बोलावतात. कणकेच्या परातीजवळ बायकोला अजून कोणी बोलावलेलं नाही. ती आपली वांगी धुऊन देते. चिरायला दुसऱ्या बसतात.

आर्वीची मास्तरीण
आमच्या गटाची गुरुवारी बैठक आहे. पहिला नियम काढते, पण जेवणं व्हायच्या आत डबे भरायचे नाहीत यावर मी ठाम आहे. ते कोणीही करो. यंदा शिधा गोळा करू असं मांडणार. परातीला कोण बसणार, चिरायला कोण, वाढायला कोण, हे तिथंच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. जिची चिठ्ठी निघाली तिनं बसायचं, अन् ज्यांना तिच्या हातचं चालणार नाही त्यांनी ते बैठकीत तोंडानं सांगायचं. उपास अन् तेल ही कारणं लिहून घेणार. बगोण्यांच्या चिठ्ठ्या फक्त पुरुषांच्या.

मोर्शीकर
बगोण्याला माझं नाव निघालं तर घासेन, त्याची लाज नाही. पण भर बैठकीत कोणाला उभं करून "तू हिच्या हातचं खाशील का" विचारणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे. अर्ध्या बाया यायच्याच बंद होतील.

वर्धेची सून
कोण येत नाही, तेही कळू द्या की एकदा.