मदत हवी आहे: एम-१ चा फोटो येईना, नुसत्या रेघा

गच्चीवरचा (जुळे सोलापूर): तीन रात्री वाया गेल्या. एम-१ म्हणजे वृषभेच्या शिंगाजवळचा खेकडा तेजोमेघ. तारे रेघांसारखे, मधे मळका डाग. गड्डा जत्रेचे दिवे लागायच्या आत जमायला हवं. लवकर सांगा.

दुर्बीणवाला: लेन्स कुठली, किती सेकंद? कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर आहे का?

गच्चीवरचा: २०० एमएम, ६० सेकंद. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आहे की ओ, एवढं कळतं.

फिल्टरबाबा: ओ-थ्री फिल्टर घ्या, ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा सोडतो. हंस तारकासमूहातला, फुटलेल्या ताऱ्याचा जाळीदार अवशेष मला त्यानेच दिसला.

दुर्बीणवाला: फिल्टरने रेघा जातात होय? आणि तो अवशेष तीन अंश पसरलाय. एम-१ जेमतेम ६ कलांचा, म्हणजे अंशाचा दहावा भाग, २०० एमएमवर चिमुकलाच येणार. गच्चीवरच्या, ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लागतो, तो ध्रुव कसा साधला ते सांगा आधी.

ज्वारीवाला: कशाला शहरात तडफडताय, नान्नजला या.

फिल्टरबाबा: माळढोक अभयारण्यात, रात्री? वनखातं सोडेल?

ज्वारीवाला: अभयारण्यात कोण म्हणालं बे? आमच्या रानात. हुरडा पण भाजू.

जुन्या_नोंदी: एम-१ हा फुटलेल्या ताऱ्याचाच अवशेष. तो स्फोट १०५४ साली पृथ्वीवरून दिसला. चिनी ज्योतिषांच्या नोंदीप्रमाणे २३ दिवस भरदिवसा दिसत होता. तेव्हा ट्रॅकर लागला नाही कुणाला.

सातवीची_आई: माझ्या मुलाला पाच हजारात दुर्बीण मिळेल का?

दुर्बीणवाला: ताई, त्या पैशात १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या. गच्चीवरचे, ध्रुव?

गच्चीवरचा: उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, ध्रुव दिसतच नाही. अंदाजाने वळवला. उंची व्हिडिओत दाखवली तशी, ४० अंश.

दुर्बीणवाला: अरे देवा! तो व्हिडिओवाला ४० अक्षांशावर बसलाय. आपलं सोलापूर १७.७ वर. ध्रुवही तेवढाच वर, म्हणून टाकीमागे लपतो. एम-१ मात्र मध्यावर आला की जवळजवळ डोक्यावर असतो, त्याला टाकी नडत नाही. जागा बदला, ध्रुव डोळ्याने बघून लावा. सेकंद कमी करा, फोटो जास्त काढून स्टॅक करा, म्हणजे एकावर एक जुळवून एकच फोटो करा.

गच्चीवरचा: काल गच्चीच्या पार पूर्वेच्या कोपऱ्यात मांडलं. तिथून टाकीच्या कडेने ध्रुव दिसला. ३० सेकंदांचे ८० फोटो स्टॅक केले. रेघा गायब! बोटाने पुसल्यासारखा राखाडी अंडाकृती डाग आलाय, पण आपला आहे. चाळीसचं आधीच सांगायला हवं होतं, चुकलं.

फिल्टरबाबा: फिल्टर असता तर अजून उठून दिसला असता.

सातवीची_आई: १० बाय ५० म्हणजे काय, ते राहिलं सांगायचं.