गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर बोटींचा धक्का: आपल्या काठाला पायजे का नको?

काठावरचा
राम राम मंडळी. आमच्या पवनी तालुक्यात सध्या पानठेल्यावर एकच विषय आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणातल्या जलपर्यटनाचं तर सगळ्यांना माहीत आहे, शंभरेक कोटींचा प्रकल्प, हाऊसबोट, स्पीडबोट वगैरे. त्यावरून आता आमच्या काठावरही बोटी लावायला तरंगती जेट्टी मागायची, दहा-पंधरा बोटी बांधून ठेवता येतील एवढी, तसा ठराव ग्रामसभेत आणायचा असं काही जणांचं चाललंय आणि गाव सरळ दोन बाजूंना झालं.

मी जेट्टीच्या बाजूनं आहे. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हातून या धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता, आता तो कितीतरी हजार कोटींवर गेला आणि या सगळ्यात आमच्या काठाला मिळालं काय तर पाणी. ते बघायला मिळतं, बाकी हाताला काम नाही. धान निघाला की पोरं बुटीबोरीच्या कारखान्यात नाही तर पुण्याला. तिकडे आंभोऱ्याचा केबलचा पूल झाला तर रविवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागते, चहा-भजेवाल्यांचं घर चालायला लागलं. मग आमच्या काठाला बोट लागली तर कोणाच्या पोटात काहून दुखावं? बोला.

जाळंवाला
भौ, तू लिवलं ते पूरं वाचलं, पण त्याच्यात आमचं नावच नाही. या पाण्यात रोज उतरते कोण? आमी ढिवर, मासोळी धरणारे. आमी दिवस मावळता जाळं टाकतो अन् पहाटे काढतो, रातभर जाळं पाण्यातच राह्यते, वर निशाणी म्हणून रिकाम्या बाटल्या नाही तं थर्माकोलचे तुकडे बांधले राह्यते, ते दुरून दिसत नाही. त्याच्यावरून स्पीडबोटीचा पंखा गेला तं काय उरन? नायलॉन पंख्यात गुंडाळलं का आमचं जाळं बी गेलं अन् त्याची बोट बी बंद, मंग भांडण, अन् त्या भांडणात कोणाचं आयकल्या जाते हे तुले बी माहीत आहे.

दुसरं म्हणजे आमचा डोंगा. दोन माणसं अन् मासोळीची टोपली घेतली का काठ पाण्याच्या वर चार बोटं राह्यते फक्त. बाजूनं मोठी बोट जोरात गेली तं त्याची लाट आमच्या डोंग्यात येते. नदी वाहती होती तवा आमाले कोणता मासा कुठं बसते ते ठाऊक होतं, धरणानं ते गेलं, आमी खोल पाण्याचं नवीन शिकलो. आता हे बी पाणी सोडा म्हणता का?

बुटीबोरी रिटर्न
जाळंवाले दादा, तुमचा राग समजतो पण जगात कुठंही बोटी आणि मासेमारी एकाच पाण्यात चालते, त्याला रस्ता आखून देतात, पिवळे-लाल बोये टाकतात, की इथून इथपर्यंत बोट आणि पलीकडं जाळं. कोचीला बोलगट्टी बेटाजवळ केरळ सरकारच्या पर्यटन महामंडळाची मरिना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचा धक्का, आहे आणि त्याच खाडीत मच्छीमारही आहेत. आपल्याकडं नियम पाळत नाही म्हणून काहीच करायचं नाही असं म्हटलं तर मग रस्ताही करू नका कारण अपघात होतात. मी चार वर्षं कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली काढली, बारा तास ड्युटी आणि सुट्टी मागितली की गेटबाहेर. मला बोट चालवायचं लायसन काढायला आवडेल, इथं राहून, घरचं जेवून.

उठलेलं गाव
मी वयानं मोठा आहे म्हणून थोडं लांबलं तर वाचून घ्या. आमचं घर, गोठा, बोरीचं झाड, मारोतीचं देऊळ सगळं या पाण्याखाली आहे. धरण होताना आम्हाला काय काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. पुनर्वसनात १८ नागरी सुविधा मिळतील, घरटी नोकरी मिळेल. २०१३ ला पॅकेज आलं, बाराशे कोटींच्या आसपासचं, आणि नोकरीऐवजी २ लाख ९० हजार रुपये हातावर ठेवले. दोन भावांत वाटणी झाली, एका पोरीचं लग्न झालं, पैसे संपले. नवीन गावठाणात नळ आहे पण पाणी कधी येतं कधी नाही, आणि इकडं हजारो एकरांवर आमचंच पाणी पसरलंय.

पर्यटनाला माझा विरोध नाही. पण त्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हे आधी कागदावर लिहा. आतापर्यंत जे तोंडी सांगितलं ते मिळालं नाही, एवढा माझा अनुभव आहे.

आणि एक, ज्या काठावर पार्किंग आणि रस्ता करू म्हणता तिथं पाणी उतरलं की आमच्यातली काही घरं उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, गाळपेर म्हणतात त्याला, टरबुजाची डांगरवाडी लावतात. ती जमीन सरकारची आहे हे खरं, पण त्या दोन-तीन महिन्यांवर त्यांचं वर्ष निघतं. डांबर पडलं की ते संपलं.

वैनगंगेचं पाणी
सगळे बोटीवर बोलून राह्यले, पाण्यावर कोणीच नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग कन्हानात, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत आणि तिथून थेट आपल्या धरणात. नाग नदीच्या सफाईला १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला हे ऐकून आता बरीच वर्षं होतील. उन्हाळ्यात वरच्या अंगाला पाणी काळं पडते, वास येते, जलकुंभीचा असा गालिचा होते की डोंगा बांबूनं ढकलत न्यावा लागते. त्याच पाण्यात जेटस्की चालवणार, पर्यटकांच्या अंगावर उडवणार? पाणी आधी स्वच्छ करा, मग जेट्टी बांधा. उलटं केलं तर दोन सीझनमध्ये लोक यायचे बंद होतील आणि जेट्टीवर शेवाळ चढेल.

काठावरचा
@वैनगंगेचं पाणी, तुमचं म्हणणं पटते पण एक सांगा, आतापर्यंत इतक्या वर्षांत नागपूरवाल्यांनी हे पाणी साफ केलं का? नाही, कारण इथं फक्त आपण राहतो आणि आपली ओरड तिकडं पोचत नाही. नागपूरचेच लोक पैसे देऊन इथं बोटीत बसायला आले तर वास त्यांच्याही नाकात जाईल, तेव्हा दबाव येईल. मला तर वाटते जेट्टी झाली तरच पाणी साफ होईल.

वैनगंगेचं पाणी
तसं होत नसते भाऊ. वास आला की पर्यटक दुसरीकडं जाते, आंदोलन करत नाही.

बचतगटवाली ताई
माझं वेगळंच म्हणणं आहे, रागावू नका कोणी. २०२४ च्या जानेवारीत याच वैनगंगेत खाली चामोर्शीकडं गणपूरच्या सहा बाया बुडून गेल्या. मिरची तोडायला पल्याड चालल्या होत्या, डोंगा उलटला. आमच्या पवनीच्या बायाही मिरचीच्या सीझनला असंच इकडं तिकडं जातात, अंगावर जाकीट नाही, डोंग्यात किती बसायच्या याला हिशोब नाही, मजुरी बुडू नये म्हणून बसतात. म्हणून मला जेट्टी हवी आहे, पण ती आधी आमच्यासाठी. सकाळ-संध्याकाळ गावची बोट, जाकिटं, शिकलेला नावाडी, आणि चढा-उतरायला चिखलाऐवजी पक्की जागा. लुगडं वर खोचून, डोक्यावर डबा घेऊन, चिखलातून डोंग्यात चढून पाहा एकदा कोणी. पर्यटकांनी मागाहून खुशाल यावं, आमचा गट झुणका-भाकर आणि तांदळाचे पापड विकेल, पैसा कोणाला नको आहे? पण लोकं बुडतात त्या नदीत फक्त फिरणाऱ्यांसाठी धक्का बांधला तर माझं मन मानणार नाही.

तरंगती गोष्ट
थोडं बांधकामाचं बोलतो. सिमेंटचा पक्का धक्का अजिबात नको. हे धरण आहे, समुद्र नाही. भरलं की पातळी २४५.५ मीटर आणि उन्हाळ्यात बरंच खाली, म्हणजे पक्का धक्का मे महिन्यात चिखलात उभा दिसेल. तरंगती जेट्टी पाण्याबरोबर वर-खाली होते. पण तिचे साखळदंड, नांगर नीट पाहिजे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वरून मध्यप्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, गोसेचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले तरी भंडाऱ्यात घरांत पाणी शिरलं, आठवते ना? तसा पूर आला आणि जेट्टी सुटली तर ती सरळ दरवाज्यांकडं जाईल. पावसाळ्यात बोटी बाहेर काढून ठेवायची सक्ती पाहिजे. आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, इंजिनच्या बोटीला नोंदणी लागते, ते नसेल तर एकही बोट सोडू नका.

करांडल्याचा
बाजूला २०१२ पासून अभयारण्य आहे, उमरेड-पवनी-करांडला. रात्री हाऊसबोटीवर डीजे वाजला तर काय होईल याचाही विचार करा एवढंच.

बुटीबोरी रिटर्न
ताईंचं बरोबर आहे. आधी गावची बोट, मग पर्यटकांची, हे ठरावात घालू. हाऊसबोट रात्री बंद, तेही घालू. बोट चालवायला फक्त प्रकल्पग्रस्तांची आणि ढिवरांची पोरं, बाहेरचा ऑपरेटर नाही. मग तर हरकत नाही ना?

जाळंवाला
हरकत आहे. ठरावात लिवलं म्हणून होत नाही ना बाप्पा. टेंडर निघन मुंबईत नाही तं नागपुरात, त्याच्यात अट राहीन का इतक्या कोटींची उलाढाल पायजे, अनुभव पायजे. आमच्या मच्छीमार सोसायटीची उलाढाल किती? टेंडर घेणारा येईन, तो आपली माणसं आणन, आमच्या पोराले दोर पकडाले ठेवन. उठलेलं गाव बाबांनी सांगितलं तेच खरं. पहिले सरकारनं सोसायटीच्या नावानं जेट्टीचा करार करावा, जाळ्याची हद्द नकाशावर पाडून द्यावी, नुकसानीचा भाव ठरवून द्यावा, मंग मी सही करतो. तोपर्यंत ग्रामसभेत माझा हात खालीच राहीन.

काठावरचा
करार सोसायटीच्या नावानं, ही अट मी ठरावात पहिल्या नंबरवर टाकतो. पण भौ, कागद येईपर्यंत जेट्टीची मागणीच करायची नाही हे मला मान्य नाही, कारण आपण नाही मागितली तर पलीकडचा काठ मागेल, आणि ते तुझ्या जाळ्याचा विचार करणार नाहीत. ग्रामसभेला ये, तुझी हद्द तूच नकाशावर दाखव. विरोधात हात केला तरी चालेल, पण ये.

जाळंवाला
येतो. सोसायटीचे सगळे घेऊन येतो.